तासगावची द्राक्षं आणि येमेनचा नकाशा

नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या उत्तरेतल्या हुथी या सशस्त्र गटाने तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज पकडलं. पुढच्याच हंगामात तासगाव-कवठेमहांकाळचा युरोपला जाणारा माल सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून निघाला. दहा-पंधरा दिवस जास्त. शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या द्राक्षाचेही देठ तेवढ्या दिवसांत वाळायला लागतात, मणी गळतात. भाडं वाढलं ते वेगळंच. तेव्हापासून हुथी हे नाव पॅकहाऊसमध्येही ओळखीचं झालंय, आणि त्यामागे एक ठरलेलं वाक्य येतं: शिया-सुन्नीचं भांडण, दुसरं काय!

वाक्य अगदीच खोटं नाही. पण सुरुवात तिथून केली की पुढचा हिशोब जुळत नाही. सप्टेंबर 1962 मध्ये उत्तर येमेनच्या इमामाची गादी लष्कराने उलथवली. हा इमाम झैदी, म्हणजे शियांच्याच एका शाखेतला. त्याला पैसा आणि बंदुका कोणी दिल्या? सुन्नी सौदीने. बंडखोरांच्या बाजूने इजिप्तच्या नासरने हजारोंची फौज उतरवली आणि ती पाच वर्षं तिथे अडकली. सौदीला तेव्हा शेजारी प्रजासत्ताक नको होतं. पंथ गौण होता. येमेनचा बराच काळ अध्यक्ष राहिलेल्या अली अब्दुल्ला सालेहचंही तसंच. स्वतः झैदी, पण 2004 ते 2010 या काळात झैदींमधूनच उभ्या राहिलेल्या हुथींविरुद्ध सहा लढाया त्यानेच लढवल्या. 2014 मध्ये त्यांच्याशीच हातमिळवणी केली आणि डिसेंबर 2017 मध्ये त्यांच्याच हातून मारला गेला.

म्हणून आधी नकाशा. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ येमेन ही नावं फसवी आहेत. उत्तर म्हणजे खरं तर पश्चिमेकडचा डोंगराळ, दाट वस्तीचा भाग. दक्षिण म्हणजे एडनपासून पूर्वेला ओमानपर्यंत पसरलेला लांबलचक, विरळ वस्तीचा पट्टा. दक्षिणेत मोडणारं सेयून शहर राजधानी सनापेक्षा थोडं उत्तरेलाच आहे! ही विभागणी भूगोलाने केलेली नाही, राज्यकर्त्यांनी केली.

त्यातला एक राज्यकर्ता आपल्याही ओळखीचा आहे. 1839 मध्ये मुंबई सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्याच वर्षी जानेवारीत त्याच सरकारच्या फौजेने एडन घेतलं. पुढे जवळपास शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबईहून आणि शेवटी दिल्लीहून चालला. 1937 ला ते वेगळं काढलं. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनच्या तुरुंगात ठेवलं होतं, 1883 मध्ये ते तिथेच गेले, हे त्यामुळेच. इंग्रजांना हवं होतं ते बंदर आणि आगबोटींच्या कोळशाचं ठाणं. आतल्या मुलखातल्या सुलतानांशी करार करून त्यांनी भागवलं. उत्तरेत 1918 पर्यंत तुर्क आणि नंतर इमाम. 1967 ला इंग्रज गेल्यावर दक्षिणेत मार्क्सवादी सरकार आलं. असे दोन देश 22 मे 1990 रोजी एक झाले आणि चारच वर्षांत एकमेकांवर तोफा डागत होते. 1994 ला दक्षिण हरली, तिथल्या हजारो अधिकाऱ्यांना, सैनिकांना घरी बसवलं. 2007 मध्ये दक्षिणेत जी चळवळ उभी राहिली तिची सुरुवात या माजी सैनिकांच्या पेन्शनच्या मागणीतून झाली. वेगळ्या देशाची मागणी मागाहून आली.

पाण्याचा धागा मात्र बातम्यांमध्ये जवळजवळ सापडतच नाही, आणि दुष्काळी जत-आटपाडीच्या माणसाला तो चटकन कळेल. येमेनच्या डोंगरात शतकानुशतकं पायऱ्या-पायऱ्यांची, पावसावरची शेती होती. 1970 नंतर आखातातल्या नोकऱ्यांचा पैसा आला, त्यातून बोअर आल्या, आणि सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं. पाणी गेलं कातला. आपला पानातला कात नव्हे. या झुडपाची कोवळी पानं दुपारभर गालात धरून चघळतात. धान्यापेक्षा त्याला रोख पैसा कितीतरी जास्त, म्हणून चांगली जमीन त्याच्याखाली गेली, सनाच्या खोऱ्यातलं पाणी खोल खोल गेलं आणि गहू जवळपास सगळा बाहेरून आणायची वेळ आली. जुलै 2014 च्या शेवटी सरकारने इंधनाचं अनुदान काढलं. डिझेल एका रात्रीत जवळपास दुप्पट. हुथींनी हाच मुद्दा उचलून मोर्चे काढले आणि 21 सप्टेंबरला सना त्यांच्या हातात होतं. सालेहच्या मर्जीतल्या लष्करी तुकड्यांनी वाट अडवली नाही, हेही तितकंच खरं. मार्च 2015 मध्ये हुथींवर बॉम्ब टाकायला सौदीची विमानं आली ती यानंतर.

आता बातमी वाचताना. ‘येमेन सरकार’ असं लिहिलेलं दिसलं की कुठलं, ते आधी बघा: जगाने मान्य केलेलं एडनमधलं, की सनामधलं हुथींचं. मग नोटा बघा. सप्टेंबर 2016 मध्ये मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली आणि उत्तरेतल्या शिक्षकांचे, दवाखान्यातल्या लोकांचे पगार तुंबले. एडनने छापलेल्या नव्या नोटांवर हुथींनी 2019 च्या शेवटी बंदी घातली, त्यामुळे एकाच रियालचे दोन भाव झाले. तिसरं, होदेदाह बंदर. उत्तरेचं धान्य आणि इंधन बहुतेक तिथूनच उतरतं; सरकार आणि हुथी यांच्यातल्या डिसेंबर 2018 च्या स्टॉकहोम करारात ते मध्यवर्ती होतं ते याच कारणाने. लढाईची आघाडी चार किलोमीटर पुढे सरकली की मागे, यापेक्षा या गोष्टी जास्त सांगतात.

आणि कंटेनर बुक करणाऱ्यांसाठी: आठवडाभर हल्ला झाला नाही म्हणून सुएझचा रस्ता लगेच खुला धरू नका. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम 30 किलोमीटर रुंद आहे, किनाऱ्यावरून ड्रोन सोडायला तेवढं पुरतं. विमा कंपन्या युद्धजोखमीचा हप्ता हल्ले थांबल्यावर बऱ्याच उशिरा उतरवतात, आणि जहाज कंपन्यांना अख्खं वेळापत्रक फिरवावं लागतं. फेब्रुवारीत माल निघणार असेल तर दिवस आफ्रिकेच्या वळशाचेच धरा आणि काढणी, ग्रेप गार्ड (बुरशी रोखायला पेटीत ठेवायचा कागद), प्री-कूलिंग त्या हिशोबाने ठरवा.