मूल एक, ऑफिसं सात

पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची) केस म्हटली की लोकांना दोनच जागा आठवतात, पोलीस स्टेशन आणि कोर्ट. पेपरात बातमी पण तशीच येते, गुन्हा दाखल, आरोपी अटकेत, आणि मग कधीतरी आतल्या पानावर शिक्षा झाली किंवा सुटला. मधल्या काळात त्या पोराचं काय चाललेलं असतं? मी सपोर्ट पर्सन म्हणून अशा मुलांबरोबर काम करते (म्हणजे तपासापासून कोर्टापर्यंत मुलाबरोबर राहायला नेमलेला माणूस, सविस्तर पुढे येईलच) आणि मला विचाराल तर मधल्या काळात मूल फिरत असतं. या ऑफिसातून त्या ऑफिसात.

मोजून बघा. आधी पोलीस, मग मेडिकलसाठी सरकारी हॉस्पिटल, मग बालकल्याण समिती म्हणजे सीडब्ल्यूसी, त्यांच्याकडून जिल्हा बाल संरक्षण कक्ष, जबाबासाठी मॅजिस्ट्रेट, भरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरण, आणि शेवटी स्पेशल कोर्ट आणि तिथल्या सरकारी वकील. सात झाली. शाळा, बँक आणि आधार सेंटर यात धरलेलं नाही, ते पण करावं लागतंच.

कायदा वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो लागू आहे, २०२० ला त्याचे नवीन नियम आले आणि कागदावर बघितलं तर बहुतेक गोष्टींचा विचार केलेला आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, युनिफॉर्म न घालता. रात्री पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही. पोलिसांनी २४ तासात सीडब्ल्यूसीला आणि स्पेशल कोर्टाला कळवायचं. कोर्टात मुलाला आरोपी दिसू द्यायचा नाही, प्रश्न जज विचारणार, सारखं सारखं बोलवायचं नाही. हे सगळं आहे. आणि खरं सांगते, यातली माणसं पण बहुतेक चांगली असतात, रात्री अकराला फोन उचलणाऱ्या पीएसआय मॅडम मी बघितल्यात.

मग अडतं कुठे? अडतं "आमच्याकडून पाठवलंय" या वाक्यावर. कुठल्याही ऑफिसात जा आणि विचारा की अमुक केसचं काय झालं, तर कुणीतरी रजिस्टर काढतं, बोट फिरवतं आणि जावक नंबर दाखवतं. आमच्याकडून पाठवलंय. पुढच्या ऑफिसात जा तर आमच्याकडे आलेलं नाही. दोघंही खरं बोलत असतात, हा त्यातला सगळ्यात वैतागाचा भाग आहे, कुणाला धरून भांडायची सोय नाही. कागद या टेबलावरून निघाला की या टेबलाचं काम संपलं, तो पोचला का, पोचून पुढे काही हाललं का, हे बघणं कुणाच्याच ड्युटीत नाही. म्हणून ते काम आपोआप घरच्यांवर येतं. आईच्या हातात एक पिशवी असते, त्यात एफआयआरची कॉपी, मेडिकलचे कागद, शाळेचं बोनाफाईड, आधारच्या सात-आठ झेरॉक्स, आणि ती बाई रोजगार बुडवून प्रत्येक टेबलावर ती पिशवी उलटी करते. जिल्ह्यात त्या केसची पूर्ण फाईल एकाच ठिकाणी असते, त्या पिशवीत.

याचा मुलावर काय परिणाम होतो ते सांगते. झालेला प्रकार मूल पहिल्यांदा सांगतं आईला नाहीतर बाईंना. मग ठाणे अंमलदाराला थोडक्यात, मग तपास करणाऱ्या मॅडमना सविस्तर, मग डॉक्टर हिस्टरी घेतात तेव्हा, मग सीडब्ल्यूसीसमोर, मग मॅजिस्ट्रेटसमोर (याला सगळे अजून १६४ चाच जबाब म्हणतात, जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात तो १८३ झालाय), मग समुपदेशकाला, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी कोर्टात. यातलं काही टाळता येत नाही हे मला कळतं. पण सीडब्ल्यूसीने घटनेचा तपशील पुन्हा विचारायची गरजच काय? मूल सुरक्षित आहे का, घरी आरोपीचं येणंजाणं आहे का, शाळा चालू आहे का, एवढं विचारलं तरी त्यांचा निर्णय होतो. बाकीचं पोलिसांच्या कागदात असतं, पण तो कागद आलेला नसतो ना, म्हणून मुलाला विचारतात.

आणि हे फक्त त्रासाचं नाही, केसचं पण नुकसान आहे. समजा मुलीने एका ठिकाणी सांगितलं "शाळा लवकर सुटली त्या दिवशी", लिहिणाऱ्याने लिहिलं शनिवार. दुसऱ्या ठिकाणी तीच म्हणाली "आई कामाला गेलेली तेव्हा", तिथे लिहिलं गेलं सोमवार. मुलगी एकच गोष्ट सांगत होती, पण कोर्टात बचावाचे वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतात आणि म्हणतात, यातलं खरं कुठलं? तिला काय माहिती वार कुठला होता, ती सात वर्षांची आहे.

बाहेरच्या देशात यावर बराच आधी विचार झालाय. अमेरिकेत अलाबामामधल्या हंट्सव्हिल गावात बड क्रेमर नावाच्या सरकारी वकिलाने १९८५ साली असं सेंटर सुरू केलं की मूल फिरणार नाही, पोलीस, डॉक्टर, बालसंरक्षणवाले, वकील हेच सगळे मुलाकडे येतील. ट्रेनिंग घेतलेला एकच माणूस मुलाशी बोलणार, बाकीचे दुसऱ्या खोलीतून ऐकणार, कुणाला काही विचारायचं असेल तर त्याच्यामार्फत. आइसलंडने १९९८ ला बार्नाहूस नावाने हेच जास्त पक्कं केलं आणि मग युरोपात बऱ्याच देशांनी ते उचललं. आपल्याकडे हैदराबादला २०१६ पासून भरोसा सेंटर आहे, तिथे जबाब, मेडिकल, समुपदेशन, कायदेशीर मदत एका छताखाली. म्हणजे आपल्याला जमत नाही असं काही नाही. पण मला वाटतं बिल्डिंग हा त्यातला सोपा भाग आहे. एका छताखाली आणून बसवलं तरी चार खात्यांनी चार रजिस्टर आणि चार कपाटं ठेवली तर मूल शहरभर फिरायच्या ऐवजी कॉरिडॉरमध्ये फिरणार एवढंच.

हॉस्पिटलचं जरा जास्त बोलते कारण तिथे तास मोजावे लागतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच कामाचे असतात. आणि तरीही अजून असं ऐकायला मिळतं की आधी पोलिसांचं पत्र आणा. कायदा उलटं सांगतो, एफआयआर झालेली नसली तरी तपासणी करता येते आणि तातडीचे उपचार द्यायला कुठलाही कागद मागायचा नाही. टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच चूक ठरवली, आरोग्य मंत्रालयाने २०१४ ला तपासणीची नवीन पद्धत आणि फॉर्म दिले. पण ड्युटीवरचा डॉक्टर सहा महिन्यांसाठी आलेला असतो, कपाटात जुने फॉर्म असतात, आणि तो तेच भरतो.

मुलीला दिवस गेले असतील तर आणखी गुंता. गर्भपातानंतरचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवायचा असतो. तो फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवायचं नेहमीचं द्रावण) टाकायचा नाही, डीएनए खराब होतो, सलाईनमध्ये ठेवून बर्फात ठेवायचा आणि पोलिसांनी लगेच येऊन घेऊन जायचं. आता हॉस्पिटलमध्ये सवयीने बाकी सगळे नमुने फॉर्मलिनमध्येच जातात. एकदा मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होते, आत सिस्टरच्या हातात फॉर्मलिनची बाटली, आणि नशीब की तिनेच बाहेर येऊन विचारलं, पोलीस केसची आहे ना ही, मग यात टाकू का? मग फोनाफोनी. तपास अधिकारी बंदोबस्तावर, त्यांचा रायटर (लेखनिक पोलीस) म्हणतो उद्या सकाळी येतो, सिस्टर म्हणते रात्रभर कोण जबाबदारी घेणार, माझी ड्युटी आठला संपते. शेवटी एक हवालदार थर्मासचा डबा घेऊन आले, मोटरसायकलवर. जो पुरावा आरोपीला थेट जोडतो तो एका सिस्टरच्या शंकेवर आणि एका हवालदाराच्या मोटरसायकलवर अवलंबून होता. हॉस्पिटलने आदल्या दिवशी तारीख-वेळ पोलिसांना कळवली असती तर एवढं झालंच नसतं. एका फोनचं काम.

देहव्यापारातून सोडवलेल्या अल्पवयीन मुलींचं तर वेगळंच. तिथे घरचे आणि पिशवी हेही नसतं, कधी कधी घरच्यांनीच पाठवलेलं असतं. रेडचा फोटो येतो, इतक्या मुलींची सुटका, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी वकील लावून "मी हिची मावशी" म्हणत हजर. यावर मुंबई हायकोर्टाने २००२ मध्ये प्रेरणा संस्थेच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की या मुली आरोपी नाहीत, संरक्षणाची गरज असलेली बालकं आहेत, त्यांना सीडब्ल्यूसीसमोरच न्यायचं आणि दलालांच्या वकिलाने मुलीच्या वतीने उभं राहायचं नाही. वीस वर्षं होऊन गेली त्याला. पण मुलगी दुसऱ्या राज्यातली असली की घरची चौकशी तिकडच्या बाल संरक्षण कक्षाने करून पाठवायची असते, ती चौकशी येईपर्यंत मुलगी बालगृहात, भाषा येत नाही, आणि तिला वाटतं आपण जेलमध्ये आहोत. इथल्या कक्षातल्या कुणी तिकडे फोन करून पाठपुरावा केला तर काम पुढे सरकतं, नाहीतर ईमेल पाठवलाय. आमच्याकडून पाठवलंय.

ऑनलाइनवालं थोडक्यात. २०१९ पासून अमेरिकेतल्या एनसीएमईसी (हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी) संस्थेकडे येणाऱ्या मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओंच्या तक्रारी आपल्या एनसीआरबीला (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) मिळतात, तिथून राज्याचा सायबर विभाग, तिथून पोलीस स्टेशन. कुणी फोटो-व्हिडिओ अपलोड केला तो माणूस सापडतो, मोबाईल जप्त होतो, गुन्हा दाखल होतो. पण त्या फोटोतलं मूल कोण, ते आत्ता कुठे आहे, ते शोधायचं काम कुणाचं? सायबरवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात बालसंरक्षणचं, बालसंरक्षणला तर अशी तक्रार आल्याचं माहितीच नसतं.

आता सपोर्ट पर्सन. २०२० च्या नियमात सोय आहे की सीडब्ल्यूसीने मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने एक माणूस नेमायचा जो तपासापासून कोर्टापर्यंत बरोबर राहील, माहिती देईल, भरपाईचा अर्ज, समुपदेशन, शाळा सगळं जोडून देईल. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये यावर बजावलं पण. माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेत ही एकच खुर्ची आहे जिला सगळं मूल दिसतं, बाकी सगळ्यांना त्यांच्या खात्यापुरतं दिसतं. पण या खुर्चीला अधिकार काहीच नाही. मला कागद मागता येतो, काढून घेता येत नाही. तारीख बदलली हे मला आईकडून कळतं, तिला कोर्टाच्या बाहेर पोचल्यावर. मानधन नियमात आहे, हातात कधी येतं हा विषय नको.

उपाय म्हणून समन्वय बैठक घेतात. मी बऱ्याच बैठकांना बसलेय. नेहमीची पद्धत अशी की प्रत्येक खातं उठून आपापला आढावा वाचतं, इतके गुन्हे, इतक्या केसेस, इतके प्रलंबित, मग सूचना, मग ग्रुप फोटो. मी बघितलेली एकच बैठक उपयोगाची होती. तिथल्या अध्यक्ष मॅडमनी आढावे वाचूच दिले नाहीत, त्यांनी गुन्हा नंबर घेऊन एकेक केस काढली. या मुलीचा फॉर्म बी (पोलिसांनी समितीला पाठवायचा प्राथमिक अहवाल) आला का? पोलीस म्हणाले पाठवलाय, समिती म्हणाली नाही आला, मॅडम म्हणाल्या मग आत्ता फोटो काढून मागवा, आम्ही थांबतो. अंतरिम भरपाईची शिफारस गेली का? मुलीचं बँक खातं नाही. का नाही? आधारवर जन्मतारीख चुकलीय. कोण दुरुस्त करून देणार, नाव सांगा. नाव लिहिलं गेलं, आणि पुढच्या वेळी त्याच नावाला विचारलं गेलं. दोन तासात जेमतेम दहा-बारा केसेस झाल्या असतील पण त्या हालल्या. खात्याप्रमाणे नाही तर मुलाप्रमाणे बोलायचं, बाकी काही जादू नव्हती त्यात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर समन्वय करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, मुलाचं नाव, फोटो, शाळा, एफआयआरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. कलम २३ मध्ये ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि ग्रुपमध्ये कोण कोण ॲड आहे हे ॲडमिनला पण आठवत नसतं. गुन्हा नंबर पुरतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, शेजारी, वर्गात असं काही कळलं तर १०९८ किंवा ११२ ला फोन करा, पोक्सोत कळवणं कुणाच्या मर्जीवर नाही, बंधनकारक आहे. आधी हॉस्पिटल गाठायची वेळ असेल तर पत्रासाठी थांबू नका. पोलिसांकडून एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घ्या, आणि मुलाचे हक्क लिहिलेला फॉर्म ए त्यांनी द्यायचा असतो तो मागा. सीडब्ल्यूसीसमोर पहिल्याच दिवशी विचारा की आम्हाला सपोर्ट पर्सन कोण देताय, नाव आणि नंबर लिहून द्या. नेमणूक नंतर कळवू म्हणाले तर कधी ते विचारा, आणि अर्ज लेखी देऊन त्यावर पोच घ्या.