उश्माल: सगळी चुन्याची करामत

मेक्सिकोतल्या युकातानला जाणारे बहुतेक जण कानकूनहून चिचेन इत्साचे माया अवशेष उरकतात आणि परत बीचवर. आम्हीही तेच करणार होतो पण नवऱ्याला गर्दीचा वैताग म्हणून मेरिदा शहरात मुक्काम टाकला आणि एक दिवस उश्माल ह्या जुन्या माया शहराच्या अवशेषांना दिला, ते बरंच झालं.

मेरिदाहून साधारण ८० किमी, रस्ता सरळसोट. पहिला चुना गाडीच्या काउंटरवरच लागला, ऑनलाइन स्वस्त दिसलेली गाडी इन्शुरन्स लावून जवळपास दुप्पट झाली. तिकडे थर्ड पार्टी इन्शुरन्स कंपल्सरी आहे, तो धरूनच हिशोब करा.

आता खरा चुना. ह्या भागात नदी नाही, चिचेनसारख्या नैसर्गिक विहिरी, म्हणजे सेनोते, त्याही जवळपास नाहीत, खाली सगळा चुनखडक, पाणी पडलं की झिरपून गायब. तरी ९व्या-१०व्या शतकात इथे माया लोकांचं भरलेलं शहर होतं. कसं, तर चुल्तून. जमिनीत बाटलीसारखं खोदलेलं टाकं, तोंड अरुंद, आतून चुन्याचा गिलावा आणि वरचं अंगण तोंडाकडे उतरतं केलेलं. आपल्या गडांवरची टाकी आठवली, फक्त इथे गिलावा फुटला की वर्षाचं पाणी गेलं!

मग भिंतीभिंतीवर पावसाचा देव चाक का आहे ते कळतं. कोपऱ्यांवर एकावर एक मुखवटे, सोंडेसारखं वळलेलं नाक. जवळ जाऊन बघा, चेहरा एकसंध नाही, डोळा वेगळा दगड, दात वेगळे, नाक वेगळं, सगळं जुळवून बसवलेलं, त्यामुळे बऱ्याच देवांची नेमकी नाकंच गळून पडलीत. पुढच्या मोठ्या चौकाला स्पॅनिश लोकांनी ओळीने खोल्या बघून नन्सचा मठ म्हणून टाकलं, नन कुठली तिथे! दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या. चिकू मुळात तिकडचाच, आपण उगाच घोलवडचा समजतो.

जेवायला सांता एलेना गावात थांबलो. मावशी तोर्तिया थापत होत्या, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात मग धुऊन दळतात. म्हणजे टाक्यातही चुना, ताटातही चुना. त्या लेकीशी माया भाषेतच बोलत होत्या, निघताना मी 'दिओस बोटिक' (धन्यवाद) म्हटलं तर अशा हसल्या की उच्चार नक्की चुकला असणार. व्हेज लोकांनी बीन्स मागताना 'सिन मान्तेका' (चरबीशिवाय) म्हणायचं, नाहीतर डुकराची चरबी असू शकते. अंडं चालत असेल तर भोपळ्याच्या बियांच्या रश्शातले पापाद्सूलेस सोडू नका.

तिकिटं दोन लागतात, एक केंद्राचं एक राज्याचं, कॅश ठेवा. ८ ला उघडतं, तेव्हाच आत शिरा, ११ नंतर ऊन आणि बसेस दोन्ही येतात. 'जादूगाराचा पिरॅमिड' म्हणतात त्या मोठ्या पिरॅमिडवर चढू देत नाहीत. वेळ उरला तर पुढे २० एक किमीवर काबा नावाचं आणखी एक जुनं माया शहर आहे, तिथे एका भिंतीवर चाकचे शेकडो मुखवटे आहेत आणि आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त इग्वाना होते.