एका खणापुरती आवराआवर

मन अस्वस्थ असले की घर आवरायला घ्यावेसे वाटते, हा अनुभव बहुतेकांना असतो. मात्र त्या भरात हात घातला जातो तो सर्वांत मोठ्या कामाला: कपड्यांचे संपूर्ण कपाट, माळा किंवा एखादी अख्खी खोली. तासाभराने कपाटातील सारे काही पलंगावर आलेले असते, त्यातील निम्म्या वस्तू कुठे ठेवायच्या ते ठरलेले नसते, अंगात त्राण उरलेले नसते आणि झोपायचे म्हटले तर तो ढीग जसाच्या तसा परत कपाटात कोंबावा लागतो. ताण हलका होणे दूरच, एका अर्धवट कामाची त्यात भर पडते. म्हणून ताणाच्या दिवसांत मी घर आवरत नाही, घरातील एखादीच लहान जागा आवरते. टेबलाचा एक खण, बेसिनवरची फळी, उशाजवळचे टेबल किंवा दारामागची खुंटी यांपैकी काहीतरी एक, आणि त्यापलीकडे त्या दिवशी काही नाही.

पसाऱ्याचा त्रास केवळ डोळ्यांना होतो असे मला वाटत नाही. न भरलेला अर्ज, बटण तुटलेला सदरा, परत करायचे पुस्तक, कुणाची तरी आपल्याकडे राहून गेलेली छत्री, अशी टेबलावर पडून असलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू म्हणजे लांबणीवर टाकलेला एक निर्णय असतो. येता-जाता आपली नजर तिच्यावर पडते, आपण काहीच करत नाही, पण ‘हे अजून राहिले आहे’ अशी नोंद मनात होऊन जाते आणि दिवसभरात ती कितीतरी वेळा होते. समोर एकाच वेळी अनेक वस्तू असल्या की मेंदूच्या दृश्यविषयक भागात त्या परस्परांशी स्पर्धा करतात आणि हव्या त्या गोष्टीवर लक्ष टिकवण्यासाठी बाकीच्या बाजूला सारण्याचे श्रम मेंदूला घ्यावे लागतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील सबीन कॅस्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. पसरलेल्या टेबलाशी बसून काम केल्यावर येणारा थकवा कामाच्या मानाने जास्त का वाटतो, याचे काही अंशी उत्तर मला त्यात सापडते.

डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. लॉस एंजेलिसमधील, दोघेही नोकरी करणाऱ्या आणि घरात मुले असलेल्या 30 जोडप्यांना त्यांनी आपापले घर फिरून दाखवत त्याविषयी बोलायला सांगितले. त्या बोलण्यात पसारा, अपुरी कामे आणि दुरुस्त्या यांचे उल्लेख किती येतात हे मोजले आणि त्याच लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण काही दिवस दिवसभरात वारंवार तपासले. कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते, तसे ते उतरणे आरोग्याचे लक्षण मानले जाते. घराचे वर्णन पसाऱ्याच्या भाषेत करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा उतार कमी आढळला आणि दिवस सरत जाताना त्यांची मनःस्थितीही अधिक खिन्न होत गेली. त्यांच्या नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही, आणि तो का दिसला नसेल याविषयी वाचकांना मी वेगळे काही सांगायला नको. अर्थात, पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणामुळे घर आवरणे होत नाही, याचा निवाडा अशा अभ्यासातून होत नाही. बहुधा दोन्ही खरे असावे.

जागा लहान का घ्यायची, याचे कारण माझ्या मते स्वच्छतेत नसून पूर्णत्वात आहे. कार्ल वाइक या अभ्यासकाने 1984 मध्ये सामाजिक प्रश्नांच्या संदर्भात असे मांडले होते की प्रश्नाचा आकार फार मोठा आहे असे वाटू लागले की माणसाची विचार करण्याची आणि हालचाल करण्याची शक्तीच खुंटते, तर लहान पण पूर्ण झालेल्या गोष्टीने पुढच्या लहान गोष्टीची वाट मोकळी होते. घराच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. संपूर्ण स्वयंपाकघर तीन-चतुर्थांश आवरले तरी ते न आवरलेलेच दिसते. चमच्यांचा खण मात्र पूर्ण आवरता येतो, आणि ज्या दिवशी नोकरी, आजारपण किंवा पैसे यांपैकी काहीही आपल्या हातात नसते, त्या दिवशी निदान एका गोष्टीला आपण सुरुवात केली आणि ती संपवली, हे डोळ्यांना दिसावे लागते.

आवरण्याची रीतही त्यामुळेच महत्त्वाची ठरते. खण पूर्ण बाहेर ओढून रिकामा करावा. आतल्या आत वस्तू सरकवत बसले तर काम कधीच संपत नाही आणि तळाशी पडलेल्या टाचण्या, सुटी बटणे, बंद पडलेली पेने आणि कुठल्या यंत्राची आहे हे आता कुणालाच ठाऊक नसलेली वायर तशीच राहते. रिकाम्या खणातून ओले फडके फिरवून तो कोरडा होऊ द्यावा आणि मग बाहेर काढलेल्या वस्तूंपैकी ज्या खरोखर त्या जागी वापरल्या जातात तेवढ्याच आत ठेवाव्यात. दुसऱ्या खोलीतल्या वस्तू एका टोपलीत टाकाव्यात आणि ती टोपली सगळे झाल्यावरच उचलावी. हा नियम मी फार कसोशीने पाळते, कारण कात्री जागेवर ठेवायला म्हणून दुसऱ्या खोलीत गेलेला माणूस तिथले कपाट उघडतो आणि इथला खण जमिनीवर तसाच राहतो. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, वाळलेल्या गोंदाच्या नळ्या आणि मजकूर उडून गेलेल्या पावत्या यांच्याबाबत विचार करण्यासारखे काही नसते. गोळ्या मात्र इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या काढून ठेवाव्यात आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची हे औषध विक्रेत्याला विचारावे.

ज्यांच्याबाबत मन द्विधा होते त्या वस्तूंचा निर्णय मी अशा दिवशी घेतच नाही. आपल्या मालकीची वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या मोलापेक्षा मौल्यवान वाटते, हे डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये साध्या कपांवरून दाखवून दिले होते. नुकताच हातात पडलेला कप विकायला मालकांनी मागितलेली किंमत ही तो विकत घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. काही मिनिटांच्या मालकीने हे होत असेल तर वर्षानुवर्षे खणात असलेल्या मोडक्या घड्याळाविषयी काय बोलावे! अशा वस्तू एका पिशवीत घालून, वर तारीख लिहून, मी नजरेआड ठेवते.

फोटो, जुनी पत्रे आणि महत्त्वाची कागदपत्रे यांना ताणाच्या दिवशी हात लावू नये. एक पत्र उघडले की संध्याकाळ संपते, आणि कागदपत्रांत चूक झाली तर ती महागात पडते. आवराआवरीच्या आधी डबे, खोकी आणि कप्पे विकत आणणेही मला पटत नाही. त्यामुळे पसारा कमी न होता फक्त चौकोनी होतो.

हातांना काम मिळणे, हाही या सगळ्याचा एक भाग आहे. मार्टिन लँग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागींना लोकांसमोर भाषण करावे लागेल असे सांगून आधी एक वस्तू पुसायला दिली. ज्यांची घालमेल जास्त होती त्यांच्या हातांच्या हालचाली अधिक एकसुरी आणि पुन्हा पुन्हा त्याच होत गेल्या. म्हणजे चिंतेत असलेला माणूस पुसत बसतो हे स्वाभाविकच आहे, मात्र त्याला शेवट ठरवून दिलेला नसेल तर तो पुसतच राहतो. खणाच्या चार कडा तो शेवट आपोआप ठरवून देतात. खण झाला, आता शेजारचाही करून टाकू, असे वाटले तरी मी तिथेच थांबते. शेजारचा खण दुसऱ्या एखाद्या वाईट दिवसासाठी राखून ठेवलेला बरा.

एक पथ्य मात्र घरातील इतरांच्या बाबतीत पाळावे लागते. आपल्या अस्वस्थतेवर उपाय म्हणून दुसऱ्याचे टेबल आवरू नये. 2013 मध्ये कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत अस्ताव्यस्त खोलीत बसलेल्या लोकांना नीटनेटक्या खोलीतल्या लोकांपेक्षा एका साध्या वस्तूचे अधिक कल्पक उपयोग सुचले होते, तेव्हा समोरच्याच्या ढिगाऱ्यात त्याचे काही चाललेले असू शकते. सामाईक जागेत दुसऱ्याच्या वस्तू आड येत असतील तर त्या न चाळता, न वाचता, एकावर एक नीट रचून त्याच्या बाजूला सरकवाव्यात, आणि आपण आवरायची ती जागा आपली स्वतःची निवडावी, मग ती फक्त आपल्या पिशवीचा आतला कप्पा का असेना.