फ्रेमवर डी ४००, जाळीवर बी १२५

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात पावसाळ्याआधी गटारावरच्या बिडाच्या जाळ्या तपासायचं काम आमच्याकडे आलं. यार्डाचा नवा भाग सोमवारी सुरू व्हायचा होता. ठेकेदाराची फाइल चोख होती. चलन, टेस्ट सर्टिफिकेट, सगळीकडे डी ४००. म्हणजे फ्रेममध्ये बसलेल्या जाळीने चाचणीत ४०० किलोन्यूटन, सुमारे ४० टन भार पेलायला हवा.

सर्टिफिकेट लॅबला पाठवलेल्या नमुन्याचं असतं. जागेवर तोच माल बसलाय का, ते जाळीवरच्या ठशावरूनच कळतं. म्हणून तारेचा ब्रश घेऊन ओळीने बसलो. फ्रेमच्या कडेला डी ४०० ठळक होतं, जाळीवरची अक्षरं मात्र चिखलाने बुजलेली. घासल्यावर वाचता आली: ईएन १२४ (अशा जाळ्या-झाकणांचं युरोपीय मानक), बी १२५. पुढच्या जाळीवरही तेच. वजनकाट्यापर्यंतची अख्खी रांग तशीच निघाली.

बी १२५ हा वर्ग फुटपाथ आणि मोटारींच्या पार्किंगसाठी. मग ही जाळी या फ्रेममध्ये बसली कशी? पहारीने एक उचलायला लावली. लांबी-रुंदी जुळत होती, जाडी कमी होती. ती भरून काढायला कुणीतरी खाली सिमेंटचा मसाला भरून जाळी रस्त्याच्या पातळीला आणली होती. त्या मसाल्याचा आता भुगा झाला होता आणि जाळी तीनच कोपऱ्यांवर टेकत होती.

"साहेब, महिनाभर ट्रेलर जातायत इथून. एक तरी फुटली का?" सुपरवायझर म्हणाला.

त्याचं निरीक्षण खरं होतं. चार टायरच्या एका आसाला आपल्याकडे ११.५ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एका बाजूला पावणेसहा टन. पण सोमवारपासून इथे रीच स्टॅकर, म्हणजे कंटेनर उचलून रचणारे अवजड ट्रक, फिरणार होते. भरलेला कंटेनर उचलला की त्याच्या पुढच्या आसावर साधारण १०० टन येतात, चाकं चार. एका चाकाखाली २५ टन, त्यात ब्रेक आणि जागेवरच्या वळणाचा मार वेगळा. इथे मला डी ४०० सुद्धा मान्य नव्हता. गोदीसारख्या जागेसाठी ई ६०० हा वर्ग मुद्दाम ठेवलेला आहे. बी १२५ चं तर नावच नको! ठिसूळ बीड आधी वाकत नाही, थेट तुटतं, आणि सिग्नल देणारी पोरं त्याच गटाराच्या कडेने चालतात. त्या पोरांकडे बघून मला खरोखर संताप आला.

अहवाल तिथेच हाताने लिहून दिला: ही रांग बंद. मॅनेजरसाहेबांनी थोडी घासाघीस केली, पण पहारीने उचललेली जाळी बघितल्यावर ते गप्प झाले आणि स्वतःच ड्रम लावून घेतले.

एक जाळी आम्ही लॅबमध्ये नेली. प्रेसखाली २५० मिलिमीटरच्या गोल ठोकळ्याने दाब दिला. फ्रेममध्ये नीट टेकवल्यावर तिने आपले १२५ किलोन्यूटन बिनतक्रार घेतले. माल खोटा नव्हता. स्टोअरमधून एका कामाची जाळी दुसऱ्या कामाला गेली होती आणि पुढे कुणीच ठसा वाचला नव्हता. सोमवारचा मुहूर्त टळला. फ्रेमसकट सगळी रांग ई ६०० ची बसली, बोल्टने आवळून. त्यातली प्रत्येक जाळी बसण्याआधी मी ठसा वाचून, खडूने खूण करून सोडली.