सितारादेवी आणि सिनेमातली तीन मिनिटं

'मदर इंडिया'त होळीचं गाणं लागलं की मी घरातल्या सगळ्यांना गप्प बसवते. शमशाद बेगमचा आवाज, आणि पुरुषी वेशात बेभान नाचणारी बाई. "या सितारादेवी," मी सांगते. "कोण?" हा प्रश्न ठरलेला. १९५७ चा सिनेमा. त्यानंतर त्यांनी पडद्यावर नाचणं सोडलं आणि कथकाचा रंगमंच धरला. मला यात नवल वाटत नाही.

मी कथक शिकते, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितेय. कथकात खरी गंमत समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची. तिहाई घ्यायची, म्हणजे एकच तुकडा तीनदा नाचायचा, पायातल्या शंभर-शंभर घुंगरांनी तबल्याशी भांडायचं आणि बरोब्बर समेवर येऊन थांबायचं. सिनेमात नेमकं त्याच क्षणी नायकाचं तोंड दाखवतात! रात्रभर नाचायची ताकद असलेल्या बाईच्या वाट्याला तीन मिनिटं, त्यातली निम्मी बघ्यांच्या चेहऱ्यांची.

जन्म १९२० चा, कोलकात्यातला. धनत्रयोदशीचा म्हणून नाव धनलक्ष्मी, लाडाने धन्नो. वडील सुखदेव महाराज मूळचे बनारसचे. नाच म्हणजे कोठा, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असताना या गृहस्थांनी स्वतःच्या मुलींच्या पायात घुंगरू बांधले, आणि बनारसच्या ब्राह्मणांनी घराला वाळीत टाकलं. मुलींना नाच शिकवल्याबद्दल! पुढे कुटुंब मुंबईला आलं. १९३१ ला 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू-गाऊ लागला, पण बऱ्या घरातल्या मुली तिकडे फिरकत नव्हत्या. नाचणारी, गाणारी, शिवाय कॅमेऱ्याला न बिचकणारी पोर मिळाली तर कोण सोडणार? सितारादेवी कोवळ्या वयातच पडद्यावर आल्या.

नुसता नाच नाही, अभिनयही बघायचा असेल तर मेहबूब खानांचा 'रोटी' (१९४२) बघा. चंद्रमोहन पैशाला चटावलेला शेठ, आणि ज्यांना पैसा म्हणजे काय हेच माहीत नाही अशा आदिवासी जोडप्यात शेख मुख्तार आणि सितारादेवी. नटवी लाडिक बोलणी नाहीत. चालण्यात, मान वळवण्यात नर्तकीचा ताठा आहे. याच सिनेमात अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजे आपल्या बेगम अख्तरही आहेत. एका तिकिटात दोघी!

सितारादेवींच्या बहिणीचा, तारा यांचा, मुलगा गोपीकृष्ण. शांतारामबापूंनी १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'त या भाच्याला थेट नायक केलं. नायिका संध्या, त्यांनी त्यासाठी नाचाची तालीम घेतली. म्हणजे नर्तक नायक होऊ शकला, पण नायिका मात्र आधी नटी आणि मग नर्तकी. मावशी तेव्हा पस्तिशीच्या आसपास होत्या, हे मान्य. तरी मला खटकतंच.

२००२ मध्ये पद्मभूषण देऊ केलं तर म्हाताऱ्या सितारादेवींनी तो आपला अपमान आहे म्हणून नाकारलं. द्यायचं तर भारतरत्न द्या, असं त्यांचं म्हणणं. आमच्या क्लासमध्ये काहींना हा गर्व वाटतो. मी त्यांच्याशी अजून वाद घालते.