प्लास्टिकच्या बाटलीला गंज

रिपोर्टवर माझी सही होऊन गेली होती. आर्सेनिक लिटरला ७ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १०, म्हणजे बोअरचं पाणी पास. तिसऱ्या प्रहराची वेळ होती, मी पुढच्या नमुन्यांकडे वळले होते आणि मामा बेसिनपाशी रिकाम्या बाटल्या घासत होते.

"मॅडम, ही बाटली काही निघत नाही. तळाला गंज बसलाय. फेकून देऊ?"

"द्या फेकून," मी मान वर न करता म्हणाले. मग हातातलं पिपेट तसंच राहिलं. प्लास्टिकच्या बाटलीला गंज?

बाटली उजेडात धरली. तळाशी आणि खांद्याच्या वळणावर नारिंगी साय धरली होती, बोटाला लागेल इतकी. सकाळी याच बाटलीतलं वरचं निवळ पाणी मी काढून घेतलं होतं, वर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं होतं आणि मशीनला दिलं होतं. मशीन खोटं बोललं नव्हतं. मी त्याला पाणी दिलं होतं, आणि आर्सेनिक बाटलीतच ठेवून आले होते.

हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. खोल भूजलात बऱ्याचदा प्राणवायू नसतो, तिथे लोह विरघळलेल्या रूपात असतं आणि ते दिसत नाही. पाणी वर आलं, हवा लागली, की तेच लोह गंजाचे कण होऊन खाली बसू लागतं. आणि हे कण आर्सेनिकला असे चिकटतात की पाण्यातलं बरंचसं सोबत घेऊनच तळाला जातात. म्हणून नमुना भरल्या जागीच बाटलीत नायट्रिक आम्ल टाकून सामू (pH) २ च्या खाली आणायचा, म्हणजे लोह विरघळलेलंच राहतं. त्या बोअरवर गेलेल्या मुलाला फोन केला. आम्लाची कुपी गाडीत राहिली होती. पाणी काचेसारखं नितळ होतं, लॅबमध्ये टाकू म्हणून तो निघाला आणि विसरला. बाटल्या चार दिवसांनी पोचल्या.

त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. बाटली आली की सामूची पट्टी बुडवून बघणं माझं काम, दहा सेकंदांचं. नोंदवहीतल्या त्या रकान्यात माझीच खूण होती. इतर ठिकाणच्या बाटल्या ठीक निघाल्या म्हणून सगळ्यांवर सरसकट ओढलेली.

नशिबाने त्याच बोअरची राखीव बाटली न उघडलेली होती. तिच्यातच आम्ल घातलं, हलवली, रात्रभर ठेवली. सकाळी नारिंगी साय गायब, पाणी पुन्हा स्वच्छ. वाचन आलं ६८.

रिपोर्ट अजून बाहेर गेला नव्हता, एवढंच. पण राखीव बाटलीवर विसंबून चालणार नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यात स्वतः गेले. पंपाच्या ओट्याला विटकरी थर चढलेला होता. तो थर बघणाऱ्याला लोह लगेच कळावं. पाणी बराच वेळ वाहू दिलं, मीटरवरची वाहकता स्थिर झाल्यावर दोन बाटल्या भरल्या, एक गाळून आणि एक न गाळता, दोन्हींत जागेवरच आम्ल. उरलेलं पाणी बीकरमध्ये ठेवलं होतं. आमचं आवरेपर्यंत त्याच्यावर पिवळट झाक आली.

बोअर असलेल्या घरातल्या काकू शेजारी उभ्या होत्या. "एवढं स्वच्छ पाणी, त्यात अ‍ॅसिड कशाला घालताय?" मी जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही तर रात्रभर भरून ठेवतो. सकाळी वरचं हळूच ओतून घ्यायचं. खालचं लाल पाणी प्यायला नको वाटतं."

त्या भांड्यातलं वरचं पाणीही घेऊन आले. बोअरच्या दोन्ही बाटल्या ६६ च्या आसपास, काकूंच्या भांड्यातलं २९. ज्या गोष्टीने मला फसवलं तीच त्यांच्या घरी रोज रात्री निम्म्याहून जास्त विष खाली बसवत होती. जलशुद्धीकरणातही आम्ही वेगळं काही करत नाही: हवा किंवा क्लोरीन देऊन लोह गंजवायचं, कमी पडलं तर फेरिक क्लोराइड, म्हणजे लोहाचाच क्षार, घालायचं, मग वाळूतून गाळायचं. काकूंचा मार्ग चुकीचा नव्हता, अपुरा होता. २९ म्हणजे अजून मर्यादेच्या जवळपास तिप्पट. आर्सेनिकला ना रंग ना वास ना चव, त्यामुळे वरचं पाणी त्यांना शुद्धच वाटणार. उकळण्याचाही उपयोग नाही, पाणी आटतं आणि आर्सेनिक उलट दाट होतं.

खालचं लाल पाणी कुठे जातं, हे मी त्या दिवशी निघता निघता विचारलं होतं.

"मागच्या वाफ्यात. लाल माती झाडांना चांगलीच की."

वाफा गच्च ओला होता, सावलीत, पालापाचोळा कुजून काळपट झालेला. एरवी अशी जमीन बघून मी खूश झाले असते. पण पाणी साचलेल्या, सेंद्रिय मातीत प्राणवायू संपला की जिवाणू श्वसनासाठी लोहाचा गंज वापरतात, लोह परत विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. बोअरच्या खाली जे घडतं तेच इथे वीतभर खोलीवर, मुळांच्या शेजारी. वरच्या १५ सेंटिमीटरची माती घेतली, तुलनेला आवारातल्या कोरड्या कोपऱ्यातलीही. वाफ्यातलं आर्सेनिक स्पष्टपणे जास्त निघालं.

नवा रिपोर्ट गेला. पिण्यासाठी पाणी दुसरीकडून घ्यायचं ठरलं. आमच्याकडे जुना आकडा पुसून टाकत नाहीत, म्हणून त्या ७ वर एक आडवी रेघ, बाजूला तारीख आणि माझी सही, अशी ती नोंद फाइलमध्ये आहे.

तोवर साठलेल्या गाळाचं काय करायचं, असं काकूंनी विचारलं तेव्हा वाफ्यात नको, ओल्यात नको, कोरडा आणि झाकून ठेवा, इतकंच मला सांगता आलं. त्यांनी तो झाकणाच्या डब्यात भरून माझ्याच हातात दिला. डबा बेसिनखाली आहे. मामा आता कुठलीही बाटली घासण्याआधी तळ मला दाखवतात.