कॅसेट घेताना ती उलटी करून बघा

मागच्या महिन्यात सायकलच्या मागच्या चाकाची कॅसेट (दातेरी चकत्यांचा गठ्ठा) बदलायला घेतली, वीस मिनिटांचं काम म्हणून शनिवारी संध्याकाळी चहा झाल्यावर बसले, आणि ते काम संपलं सोमवारी रात्री. लॉकरिंग, म्हणजे कॅसेट आवळून धरणारी रिंग, नीट सुटली. ११, १२, १३ दातांचे कॉग, म्हणजे छोट्या चकत्या, हातात आले. त्यानंतरचे हलेचनात. ओढून बघितलं, तेल सोडून बघितलं, चाक उलटं धरून आपटून बघितलं. मोठे कॉग तर असे बसलेले की जणू ज्याच्यावर ते सरकवलेले असतात त्या फ्रीहबलाच वेल्डिंग केलंय.

थोडी मागची गोष्ट सांगते म्हणजे लक्षात येईल. सायकलसोबत आलेली जी चाकं होती ती जड होती पण त्यांच्या फ्रीहबची बॉडी स्टीलची होती. त्याच्यावर सुट्या कॉगची साधी ११-३२ कॅसेट (सगळ्यात छोटा कॉग ११ दातांचा, सगळ्यात मोठा ३२ चा) मी चार वर्षं चालवली, दर पावसाळ्यानंतर काढायची, धुवायची, परत घालायची, कधी काही अडकलं नाही. मग ग्रुपमधल्या एकाने त्याची हलकी चाकं विकायला काढली, ती मी घेतली, आणि त्याच्यावर त्याच प्रकारची नवी कॅसेट घातली कारण तीच माहितीतली होती. ह्या चाकांचं फ्रीहब ॲल्युमिनियमचं आहे हे मला माहीत होतं, पण त्याचा कॅसेटशी काही संबंध असतो हे डोक्यातच आलं नाही. दीड वर्ष गेलं. सिंहगड, कात्रज, खंबाटकी, पसरणी, सगळे घाट त्याच्यावरच झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रीहब म्हणजे मागच्या हबचा तो नळीसारखा भाग ज्याच्यावर कॅसेट सरकवून बसवतात. आपण पेडल मारलं की तो चाकाला पकडतो, पेडल थांबवलं की मोकळा फिरतो, ती टिकटिक त्याचीच. त्याच्या अंगावर उभे कंगोरे असतात, शिमानो ह्या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या एचजी प्रकारात नऊ, आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा अरुंद म्हणजे कॉग चुकीच्या बाजूने बसूच नये. कॉगच्या आतल्या कडेला त्याला जुळणाऱ्या खाचा असतात. पायातली सगळी ताकद ह्या कंगोऱ्यांवरून चाकात जाते, दुसरा रस्ता नाही.

रविवारी सकाळी बाबांना दाखवलं. बाबा रिटायर होईपर्यंत टूलरूमला होते, त्यांना सायकलमधलं फार कळत नाही पण धातूमधलं कळतं. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, अगं हे गंजून नाही अडकलेलं, रुतलंय. पातळ स्टीलची चकती आणि ॲल्युमिनियमचा कंगोरा, तू जोर लावलास की चकती कंगोऱ्यात सुरीसारखी घुसते, आणि एकदा घुसली की वर सरकायला तिला वाटच नाही, ती स्वतःच केलेल्या खाचेत बसलीय.

मग काढायचं कसं. कॉग पेडलच्या दिशेने रुतलेला असतो म्हणजे त्याला उलट्या दिशेला फिरवून मोकळा करायला हवा, पण उलटं फिरवलं की फ्रीहबच मोकळा फिरतो, पकड मिळत नाही. ह्याच्यावरचा उपाय म्हणजे दोन चेन व्हिप, म्हणजे कॉग पकडायला चेनचा तुकडा लावलेले दांडे. एक एका कॉगला लावून पुढच्या दिशेला ताणून धरायची, त्याने बॉडी जागेवर राहते, आणि दुसरी व्हिप अडकलेल्या कॉगला लावून मागे ओढायची. माझ्याकडे एकच होती, दुसरी मित्राकडून आणली. एकेक कॉग कट्ट आवाज करत सुटला. मधले लवकर सुटले, शेवटचे २५, २८, ३२ ह्यांनी घाम काढला. त्याआधी एका दुकानात चाक घेऊन गेले होते, तिथे ताबडतोब छिन्नी-हातोडा बाहेर आला, मी नको म्हणून परत आणलं. सुटे कॉग हळू ठोकून मोकळे करतात लोक, जमतंही, पण वेडावाकडा घाव बसला तर त्याचा मार आतल्या बेअरिंगला लागतो आणि मला ती भीती होती.

सगळं निघाल्यावर बॉडी बघितली आणि वाईट वाटलं. प्रत्येक कॉगची एकेक रेघ, वरच्या छोट्या कॉगच्या जागी नुसते ओरखडे, आणि आतल्या तीन कॉगच्या जागी नख आत जाईल एवढ्या खाचा. बाबांनी बारीक कानस घेतली आणि खाचेच्या कडेला धातू उचलून वर आला होता तेवढाच काढला. कंगोऱ्याची भिंत घासायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं, भिंत घासली तर कॉगला खेळ मिळणार आणि पुढच्या वेळी अजून जास्त रुतणार. ह्याच्यापेक्षा खोल असतं तर बॉडीच बदलावी लागली असती, बऱ्याच हबना ती वेगळी मिळते.

मोठ्या कॉगच्या जागीच खाचा जास्त खोल का, हे मला सतावत होतं. मी समजत होते की छोट्या कॉगवर आपण वेगात असतो म्हणजे ताण तिथे जास्त. बाबांनी कागदावर मांडून दाखवलं. माझं वजन ६० किलो, चढावर उभं राहून मारलं की सगळं वजन एका पेडलवर. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटर. फ्रीहबच्या मध्यापासून कंगोरे साधारण १७ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर दहा पट, ६० चे झाले ६००. आता त्याला गिअरच्या गुणोत्तराने गुणायचं. पुढच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या कॉगला ३२ असतील तर ६०० गुणिले ३२ भागिले ३४, म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर जोर त्या कंगोऱ्यांवर. पुढे ५० मागे ११ असेल तर ६०० गुणिले ११ भागिले ५०, १३२ किलो फक्त. चौपटीपेक्षा जास्त फरक! आणि तो साडेपाचशे किलोचा जोर येतो कुठून, तर ११ स्पीडच्या, म्हणजे ११ कॉगवाल्या कॅसेटच्या, एका कॉगच्या १.६ मिलिमीटर जाडीतून. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर मी दीड वर्ष नेमकं हेच करत होते, ३४-३२ वर उभी राहून.

त्यामुळे नवीन कॅसेट बघताना माझा पहिला प्रश्न बदलला. आधी मी किती दात आणि किती रुपये एवढंच बघायचे. आता आधी बघते की मोठे कॉग बॉडीवर बसतात कसे.

दुकानात कॅसेट हातात घेऊन उलटी करा, मोठ्या कॉगच्या बाजूने आत बघा. सगळीकडे पातळ स्टीलच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये काळे प्लास्टिकचे स्पेसर दिसले तर प्रत्येक चकती स्वतंत्रपणे बॉडीला चावणार. चकत्या आरपार पिना घालून एकमेकींना जोडलेल्या असतील, जशा शिमानोच्या एचजी ५० सारख्या साध्या कॅसेटमध्ये असतात, तर थोडं बरं, कारण ओढली जाते एकच चकती पण ती एकटी फिरू शकत नाही, शेजारच्याही ताण घेतात. आणि मधोमध ॲल्युमिनियमचा एक रुंद भाग आणि त्यातून बाहेर निघालेले हात दिसले, ज्यांच्यावर मोठे कॉग रिव्हेट केलेत, तर त्याला स्पायडर म्हणतात आणि ॲल्युमिनियमच्या फ्रीहबला तेच हवं. स्पायडरवरच्या कुठल्याही कॉगला जोर लावा, तो जोर स्पायडरच्या पूर्ण रुंदीवर पसरतो, आणि तिथे ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम भिडतं, स्टीलची धार नाही.

शिमानोच्या रोड सायकलच्या मालिकांत १०५ पासून हे मिळतं, तिच्या वरच्या अल्टेग्रात स्पायडरवर अजून जास्त कॉग असतात, सगळ्यात वरच्या ड्युरा-एसमध्ये मोठे कॉग टायटॅनियमचे पण त्याची किंमत मला परवडणारी नाही आणि टायटॅनियम झिजतंही लवकर. सनरेसच्याही काही ११ स्पीड कॅसेट स्पायडरवाल्या आहेत, फक्त मॉडेल नीट बघून घ्या, सगळ्या तशा नाहीत. स्रॅमच्या वरच्या रेंजमध्ये कॉगचा घुमट एकाच स्टीलच्या ठोकळ्यातून कोरलेला असतो, तिथे मधले कॉग बॉडीला टेकतच नाहीत म्हणजे चावायचा प्रश्नच नाही, पण ती घालून ती झिजली की पैसे काढताना जीव जातो.

छोटे कॉग १०५ मध्येही सुटेच असतात, ते थोडे ओरखडे पाडणारच. त्याची काळजी करू नका, वरचा हिशोब आठवा.

मी शेवटी १०५ ची आर ७००० घेतली, ११-३२. ११-३४ चा मोह होता, माझ्या डिरेलरला (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) चालतो, लांब केजवाला, म्हणजे खालचा लोंबता भाग लांब असलेला, आहे आणि त्याची मर्यादा ३४ ची आहे (छोट्या केजवाल्याची ३० वर संपते, हे घेण्याआधी बघा नाहीतर परत करायला जावं लागेल). पण ३२ वर मी घाट चढते हे मला माहीत आहे. ११-३४ घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, शिमानोची ती ११ स्पीडची ११-३४ कॅसेट जुन्या, छोट्या बॉडीच्या मापाची आहे, ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर घालताना तिच्यामागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर घालावाच लागतो. तो विसरला तर लॉकरिंग घट्ट होते पण कॅसेट हलत राहते, आणि हलणारी कॅसेट ॲल्युमिनियमची बॉडी काही आठवड्यांत खाऊन टाकते. ८, ९, १० स्पीडवाल्यांनी ११ च्या बॉडीवर बसवताना पण तोच स्पेसर, फक्त शिमानोच्या बऱ्याच १० स्पीड रोड कॅसेटना त्याशिवाय अजून एक १ मिलिमीटरचा लागतो.

लॉकरिंगचं पण तेच. शिमानो ४० न्यूटन मीटर सांगतं आणि हा आकडा हाताच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आहे, मी आधी कमी आवळायचे कारण कटकट आवाज आला की घाबरून थांबायचे. तो आवाज लॉकरिंगच्या खालच्या दात्यांचा असतो, तो यायलाच हवा. ह्या वेळी टॉर्क रेंचने केलं. बॉडीवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. चेनपण नवीन घातली, जुनी मोजली तर झिजून ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त लांबली होती आणि नवीन कॅसेटवर जुनी चेन म्हणजे तिचं आयुष्य सुरुवातीलाच कमी करणं.

कोणाला चाकंच नवीन घ्यायची असतील तर हा प्रश्न तिथेच सोडवता येतो. काही हबच्या ॲल्युमिनियम बॉडीत एका कंगोऱ्यावर स्टीलची पट्टी बसवलेली असते, नोव्हाटेकवाले त्याला अँटी बाइट गार्ड म्हणतात, अमेरिकन क्लासिकच्या हबवरही अशा पट्ट्या होत्या. होपसारख्या कंपन्या तोच हब स्टीलच्या बॉडीत पण देतात, वजन थोडं वाढतं, मला तरी ते वजन आता चालेल. कंपन्यांनाही ही अडचण जुनी आहे. शिमानोनेच ड्युरा-एसच्या ७८०० ह्या जुन्या मॉडेलला ॲल्युमिनियमची बॉडी दिली तेव्हा कंगोरे मुद्दाम उंच केले होते, इतके की ८ आणि ९ स्पीडच्या कॅसेट त्याच्यावर बसायच्याच नाहीत. २०१८ मध्ये माउंटन बाइकसाठी मायक्रो स्प्लाइन नावाचं फ्रीहब आणलं त्यात नऊच्या ऐवजी बारीक २३ कंगोरे, म्हणजे तोच जोर जास्त ठिकाणी वाटला जातो. कॅम्पाग्नोलोचे कंगोरे तर आधीपासूनच खोल. आपल्यासारखे बहुतेक लोक मात्र साध्या एचजीवरच आहेत आणि राहतील.

सहाशे किलोमीटर झाल्यावर परवा मुद्दाम उघडून बघितलं. छोटे कॉग हाताने निघाले, मधल्यांना जरासा झटका लागला, आणि स्पायडर नुसता सरकून बाहेर आला. बॉडीवर मधल्या कॉगच्या पुसट रेघा आहेत, जुन्या तीन खाचा आहेत तशाच आहेत, वाढलेल्या नाहीत. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी खाचेचा जवळून फोटो मागवला, मग अजून एक मागवला, मग म्हणाले ठीक आहे.

मित्राची चेन व्हिप अजून माझ्याकडेच आहे. त्याच्याही चाकांना ॲल्युमिनियमचीच बॉडी आहे, कॅसेट सगळी सुट्या कॉगची, आणि ती त्याने घेतल्यापासून एकदाही काढलेली नाही, तीन वर्षं. शनिवारी दोन्ही व्हिप आणि बाबांची कानस घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.